सहा करंज्यांचं फूल

साताऱ्याला आमच्या घराला लागूनच सुभेदारांचं घर होतं. आमच्या न्हाणीघराची खिडकी त्यांच्या परसात उघडायची, त्यामुळे रोज सकाळी सहाच्या ठोक्याला ते आपल्या दोन कोंबड्यांना "सावधान!" म्हणतात, हे मला लहानपणापासून माहीत होतं. कोंबड्यांनी एकदाही ऐकलं नाही, आणि सुभेदारांनी एकदाही सांगायचं सोडलं नाही. भरघोस मिशी, डाव्या पायात थोडी लंगड, अंगात इस्त्रीचा खाकी शर्ट. दूधवाल्याला उशीर झाला की ते फाटकात उभे राहून नुसतं मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचे. तेवढ्याने दूधवाल्याने आमच्या गल्लीतला रतीबच सोडून दिला आणि आम्हाला सहा महिने कोपऱ्यावरून दूध आणावं लागलं.

अशा माणसाने मला कागदाची फुलं करायला शिकवली. शिकवायचा प्रयत्न केला म्हणणं जास्त खरं.

हे फुलांचं का निघालं ते आधी सांगते. त्या काळी मुलगी दाखवायची म्हणजे आधी भिंत दाखवायची. पाहुणे आले की पोह्यांच्या आधी त्यांची नजर भिंतीवर जावी अशी सोय केलेली असायची. मण्यांचा पोपट, क्रोशाचं तोरण, बाटलीच्या बुचांचा ताजमहाल. मग मुलीची आई सहज म्हणाल्यासारखं म्हणायची, "हे सगळं आमच्या हिनंच केलंय हं." पत्रिका जुळली नाही तरी चालेल, भिंत मोकळी दिसता कामा नये. आमची भिंत मोकळी होती. माझ्या हाताने सुईत दोरासुद्धा तिसऱ्या खेपेला जायचा. मी बी.ए. झाले तशी आईला त्या भिंतीच्या काळजीने झोप येईना, आणि तिने मला शेजारच्या हस्तकला वर्गात घातलं.

वर्गाची पाटी काकींच्या, म्हणजे सुभेदारांच्या बायकोच्या नावाची होती. दुपारी दोन ते चार, फक्त महिलांसाठी. पहिल्या दिवशी मी आत गेले, तर काकी खुर्चीत बसून सुपात तांदूळ निवडत होत्या आणि सुभेदार हातात पट्टी घेऊन उभे होते. त्यांनी दाराला कडी घातली आणि मला विचारलं, "नाव?"

मी सांगितलं. सुभेदार म्हणाले, "नाव हितं चालत न्हाई. तू नंबर सात. ह्या खोलीत काय चालतं, कोन शिकवतं, ते भाईर सांगायचं न्हाई. आईला न्हाई, बापाला न्हाई. घे शपथ."

मी काकींकडे बघितलं. काकी म्हणाल्या, "घे गं बाई. न्हाईतर चार वाजूस्तोवर हितंच उभं करतील."

मी शपथ घेतली. मला वाटलं, बंदूक वगैरे निघणार. निघाला तो पोत्याचं तोंड शिवायचा दाभण. त्याच्या टोकाला सुभेदारांनी कानशीने बारीक फट पाडली होती. त्या फटीत त्यांनी गुलाबी कागदाची अर्ध्या बोटाएवढी रुंद, लांबलचक पट्टी अडकवली आणि बोटं फिरवली. बोटं कधी फिरली ते दिसलं नाही. पट्टीची घट्ट गुंडाळी झाली. ती त्यांनी तळहातावर सोडली, तशी ती सैल होऊन फुगली. मग एका बाजूने चिमटा, आतून बोटाने किंचित वाक, शेपटाला खळीचा ठिपका. अशा सहा झाल्या. मध्ये एक घट्ट पिवळी गुंडाळी बसवली आणि खाली ठेवलं तर फूल झालं होतं. मी इतकी चकित झाले की नंबर सातने तोंड मिटावं अशी मला ऑर्डर झाली.

गुंडाळ्यांच्या आकारांना नावं काकींनी दिलेली होती. घट्ट गुंडाळी म्हणजे लाडू. सैल सोडलेली ती चकली. दोन्हीकडून चिमटलेला शंकरपाळा, आणि एका बाजूने वाकवली की करंजी. नावं दिवाळीची, शिस्त पलटणीची. "सहा करंज्या, येक लाडू! फालिन!" असं सुभेदार ओरडले की आम्ही सात मुली माना खाली घालून वळायला लागायचो. भिंतीपलीकडून ऐकणाऱ्या माझ्या वडिलांना वाटायचं, काकींचा स्वयंपाकाचाही वर्ग असावा आणि सुभेदार तिथे फर्माइशी सोडत असावेत.

अक्षरं त्याहून अवघड. पट्टी आडवी चिकटवायची नाही, कडेवर उभी करायची आणि तिचंच अक्षर वळवायचं. "श्री" तर भल्याभल्यांना रडवायचा. सुभेदार सगळ्यात आधी शिरोरेषा बघायचे. म्हणायचे, "ही परेडची लाइन हाय. येकाचं डोस्कं वर आलं की सारी पलटण बावळट दिसती." संक्रांतीची, दिवाळीची भेटकार्डं आम्ही करायचो, त्यांचं इन्स्पेक्शन व्हायचं. ते कार्ड डोळ्यांसमोर आडवं धरायचे आणि कुठे खळ सांडलेली दिसली की कार्ड परत. माझी सगळी परत यायची. माझी चकली उलगडून उडायची, करंजीचं तोंड उघडायचं. एकदा माझा लाडू घरंगळत जाऊन काकींच्या तांदळात पडला आणि दुसऱ्या दिवशी सुभेदारांच्या ताटात निघाला.

"नंबर सात," ते म्हणाले, "तुझ्या हातात कागद म्हंजी माकडाच्या हातात कोलीत."

पण त्या लाडवावर रागावले नाहीत. उलट पुढचा आठवडाभर जेवताना काकींना विचारत होते म्हणे, "आज भातात काय हाय?"

हे सगळं ते कुठून शिकले, ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही माझी पट्टी सोडवता सोडवता. लढाईत पायाला गोळी लागली, मिलिटरी हॉस्पिटलात पाच महिने पडून राहावं लागलं. पाय बरा होत आला, पण हात थरथरायला लागले. चहाचा कप ओठापर्यंत जाईना. तिथल्या मल्याळी सिस्टरने त्यांच्या हातात कागदाची पट्टी दिली. वॉर्डातले वीस जवान पट्ट्या वळत बसायचे. कोणी हसायचं नाही, कारण सगळ्यांचेच हात थरथरत होते. दीड महिन्याने कप ओठाला लागला.

मग ते सुट्टीवर पाटणजवळच्या आपल्या गावी गेले. पुतण्यांनी ट्रंक उघडली, तर वर वर्दी आणि खाली फुलं. साऱ्या गावात झालं, गडी लढाईवर गेला आन् फुलं करून आला. चावडीवर, विहिरीवर, लग्नाच्या पंगतीत. सुभेदार एकदाही उलटून बोलले नाहीत. निवृत्त झाल्यावर गावी न जाता त्यांनी साताऱ्यात घर घेतलं ते एवढ्याचसाठी. पण हात थांबवता येत नव्हते. थांबवले की थरथरायचे.

"गोळीचं काय न्हाई गं," ते मला म्हणाले. "गोळी येकदाच लागती."

म्हणून ही सगळी झाकाझाक. झाकली मूठ सव्वा लाखाची. रंगीत कागदासाठी ते दर शनिवारी पिशवी घेऊन छापखान्यात जायचे. तिथे लग्नपत्रिकांची कटाईतली कात्रणं पडलेली असायची. शेगडी पेटवायला नेतो म्हणून सांगायचे. छापखानेवाल्याने एकदा विचारलं, "सुभेदार, मग पांढरी का नेत नाही? गुलाबी आणि पिवळीच का निवडता?" सुभेदार म्हणाले, "गुलाबी चांगलं पेटतं." तो बिचारा घरी जाऊन पेटवून बघत होता.

वर्ग चालू असताना दार वाजलं की सुभेदार दबक्या आवाजात "अलर्ट!" म्हणायचे. डोळ्याचं पातं लवायच्या आत दाभण काकींच्या हातात, सूप खाटेखाली आणि सुभेदारांच्या तोंडासमोर वर्तमानपत्र. काकी दाभण उलटा धरायच्या. एकदा मामलेदारीणबाई आल्या आणि म्हणाल्या, "मला एक करून दाखवा ना." काकींनी शांतपणे दाभण खाली ठेवला आणि म्हणाल्या, "आज एकादशी. एकादशीला कागद गुंडाळत न्हाईत." मामलेदारीणबाईंनी हे सगळ्या गावाला सांगितलं. पुढे कित्येक वर्षं साताऱ्यातल्या चांगल्या चांगल्या घरांत एकादशीला पुस्तकांना कव्हरं घालत नसत.

सुभेदार सगळ्यात जास्त भ्यायचे ते कोपऱ्यावरच्या हवालदाराला. हाही पेन्शनीत निघालेला, रोज संध्याकाळी दोघे हॉटेलात बसून चहा प्यायचे आणि लढाया पुन्हा जिंकायचे. हवालदाराची जीभ लय तिखट. माणसाला एकदा नाव ठेवलं की ते मरेपर्यंत चिकटायचं. गल्लीतल्या एका मास्तरांना तो "भेंडी" म्हणायचा, का ते कुणाला माहीत नव्हतं, पण मास्तरांची बायकोसुद्धा चुकून म्हणून गेली होती.

तीन वर्षं मी वर्गाला गेले. आमच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत पिवळ्या अक्षरांत "सुस्वागतम" लागलं, भोवती गुलाबी फुलांची वेल. वर्गातल्या ज्या मुलीचं लग्न ठरायच्या बेताला यायचं, तिची चौकट सुभेदारच पुरी करून द्यायचे. आम्ही त्यांचं झाकायचो, ते आमचं. त्या सुस्वागतममधला फक्त "त" माझा होता, आणि तोही त्यांनी उलगडून पुन्हा केला होता.

सांगलीचं स्थळ आलं. मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट, घरचा ऊस, सांगलीत बंगला. मुलगा, आई आणि थोरली सून असे तिघे आले. वडिलांनी वजन दिसावं म्हणून सुभेदारांना, काकींना आणि हवालदारालाही बोलावलं होतं. थोरली सून मूळची साताऱ्याची. ती आत आली, भिंतीकडे बघितलं आणि एकदम खाली बघायला लागली.

तिच्या सासूबाईंनीही भिंत बघितली. "आगं बया! आमच्या थोरलीनं बी हुबेहूब असंच केलंय. आमच्या पुढच्या खोलीत हाय. हीच येल, हीच फुलं."

"काकींच्या वर्गातलीच असणार," आई कौतुकाने म्हणाली. "हे सगळं आमच्या हिनंच केलंय हं."

"व्हय? मग पोरी, येक फूल करून दाखीव की माझ्या डोळ्यांम्होरं. मला लय दिवसाची हौस हाय बघायची."

आईला खरंच आनंद झाला. तिने धावत जाऊन माझा डबा आणला. मी दाभणात पट्टी अडकवली. हात घामाने ओले झाले होते. पहिली करंजी उलगडली. दुसरी वळली, ती सुटून उडाली आणि मुलाच्या पोह्यांत पडली. त्याने ती उचलली आणि हसू दाबायला खोकला काढला. तिसरी पट्टी फाटली.

सासूबाईंनी भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "हे तू केलंस?"

"नाही," मी म्हणाले.

वडील म्हणाले, "नाही म्हणजे? मग कुणी केलं?"

मी फाटलेली पट्टी डब्यात ठेवली. आई घाईने म्हणाली, काकींनी मदत केली असेल. सासूबाई काकींकडे वळल्या. "मग तुमी करा की येक."

काकींनी पदर सावरला. "आज एका..."

"आज दशमी हाय," सासूबाई म्हणाल्या.

सासूबाईंचा आवाज आता बदलला. "म्हंजी इकत आणलंय व्हय? आन् पोरीनं केलं म्हणून टांगलंय? आवं, आमी फुलांपायी पोरगी न्हाई करत. पण फसवणूक करणाऱ्याच्या घरात न्हाई करत."

"बोल ना काहीतरी!" वडील माझ्यावर ओरडले. त्यांना कुणावर ओरडताना मी कधी बघितलं नव्हतं. त्यांचा चेहरा बघून मला रडू फुटलं. एक शब्द बोलले असते तर त्यांची मान वर झाली असती. पण समोर हवालदार कान टवकारून बसला होता, आणि मला सुभेदारांची ट्रंक उघडणारी ती पोरं दिसत होती. मी मान खाली घातली आणि हुंदके देत राहिले. खोटारडी तर खोटारडी.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"नंबर सात, बाजूला हो."

सुभेदार माझ्या जागी बसले, लंगडा पाय लांब करून. त्यांनी डबा पुढे ओढला, दाभण उचलला. कुणी काही बोलायच्या आत पहिली करंजी बशीत पडली. मग दुसरी, तिसरी. तेवढ्या मोठ्या मिशा त्या एवढ्याशा कागदावर वाकलेल्या, आणि खोलीत कागदाची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. हवालदाराचा कप हातातच राहिला होता. सहा करंज्या झाल्या, मध्ये लाडू बसला. सुभेदारांनी फूल बशीतून सासूबाईंपुढे सरकवलं आणि उभे राहिले.

"हे समदं मी करतो. बायकू न्हाई, पोरगी न्हाई, मी. गप बसायची ऑर्डर माझी हुती, तिनं पाळली. शिक्षा करायची तर मला करा."

सासूबाईंनी फूल उचलून उलटसुलट बघितलं. मग हळूच मान वळवून म्हणाल्या, "आन् आमच्या थोरलीचं?"

थोरलीचा चेहरा पांढराफटक पडला. सुभेदारांनी तिला इन्स्पेक्शनला उभं केल्यासारखं खालीवर न्याहाळलं.

"नंबर चार," ते म्हणाले. "ते तिचं तिनंच केलं. हाताला लय सफाई. अशी पोरगी माझ्या वर्गात पुन्यांदा झाली न्हाई."

फौजेतला माणूस इतकं ठाम खोटं बोलू शकतो हे मला तेव्हा कळलं. पुढे जाऊ म्हणून तिच्याशी गट्टी जमल्यावर तिने मला सांगितलं, तिच्या चौकटीत तिचं काय होतं, तर मागचा खिळा.

हो, जाऊ म्हणून. सासूबाई निघताना उंबऱ्यात थांबल्या आणि वडिलांना म्हणाल्या, "पोरगी पसंत हाय. फुलं करनारी सून आमच्याकडं हाय म्हंत्यात येक." इथे थोरलीकडे एक नजर टाकली. "सोताची अब्रू जात आसताना दुसऱ्याचं झाकनारी न्हवती."

मी सुखात पडले, सुभेदार मात्र पुरते अडकले. हवालदार पायरीवरूनच सुरू झाला होता. "सुभेदार, लढाईत दुश्मनाला गजरा माळला का रं?" संध्याकाळपर्यंत सगळ्या पेठेत झालं. त्या दिवशी सुभेदार चहाला गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता परसात मला काहीच ऐकू आलं नाही. कोंबड्या नुसत्या हिंडत होत्या.

दुपारी दोनला मी त्यांच्या घरी गेले. बाकीच्या मुली फाटकात घोळका करून उभ्या होत्या. सुभेदार खाटेवर बसले होते. दोन्ही हात मांडीखाली दाबलेले, तरी खांदे हलत होते.

"क्लास बंद," ते म्हणाले. "घरी जा."

"काका, माझ्यामुळे झालं हो सगळं," मी म्हणाले, आणि पुन्हा रडायला लागले.

तेवढ्यात काकी चटई आणि उशी घेऊन आल्या. वर्गाच्या खोलीत मधोमध त्यांनी चटई अंथरली.

"हे काय?" सुभेदार म्हणाले.

"समद्यांना कळलं न्हवं? मग मी कशापायी बसू आता?" काकी म्हणाल्या. "सात वर्सं तुमच्या अब्रूपायी दुपारची पाठ टेकली न्हाई मी. तेच ते तांदूळ निवडतीया. दगूड बी मीच टाकायची त्यात, मीच काढायची. आता हसू दे गावाला काय हसायचं ते. मला झोपू द्या."

आणि आडव्या झाल्या. भिंतीकडे तोंड केलं, पदर डोक्यावर घेतला, आणि आम्ही बघता बघता घोरायला लागल्या.

सुभेदार खाटेवरून उठले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटतं, एवढ्या वर्षांत हा हिशेब त्यांच्या डोक्यातच आला नव्हता. लपलेले आपण, आणि पहाऱ्यावर मात्र ही. मग त्यांनी कात्रणांची पिशवी आणि खळीची वाटी उचलली, आम्हाला बोटाने गप्प राहायची खूण केली आणि चवड्यांवर लंगडत बाहेर ओसरीवर आले. भर रस्त्याकडे तोंड करून खुर्ची मांडली. आम्ही सातजणी जमिनीवर बसलो. "सहा करंज्या," ते कुजबुजले, "येक लाडू. आवाज न करता."

पहिल्या करंजीला हात थरथरत होते. तिसरीला थांबले.

चौथी वळत असताना फाटकाशी हवालदार येऊन थांबला. त्याने सुभेदारांकडे बघितलं, त्यांच्या मांडीवरच्या गुलाबी पट्ट्यांकडे बघितलं, कमरेवर हात ठेवले आणि हसायला आ केला. सुभेदारांनी मान वर केली नाही.

"हसायचं तर हस रं गड्या," ते म्हणाले. "पण हळू हस. आत बायकू झोपलीया."